दुसरा ताव

लहानूकाका ‘नाही’ म्हणाले आणि विक्रमने त्यांच्या पोटात सुरा खुपसला. तेलाच्या टाकीला पाठ लावून ते खाली घसरत गेले, मग हललेच नाहीत.

“आता तू म्हण नाही,” विक्रम काजलला म्हणाला.

लकडगंजच्या मागच्या गल्लीतली ही भट्टी काजलची. गिअर, पाती, छिन्न्या, जे येईल त्याला ती आणि तिचे म्हातारे कारागीर लहानूकाका पाणी देत; म्हणजे पोलाद तापवून, तेलात बुडवून कडक करत. आज विक्रमने रायफलची नळी आणली होती. त्याची आधीची नळी मऊ निघाली, दोन दिवसांत फुगली. दाराशी काजलचा धाकटा भाऊ चंदन उभा होता. एवढा दाढीमिशांचा गडी, पण लटलट कापत होता.

काजलने नळी लालभडक केली आणि तेलात सोडली. लहानूकाकांचं रक्त तिच्या चपलेला चिकटत होतं.

पाणी दिलेलं पोलाद कडक होतं खरं, पण काचेसारखं. मंद आचेचा दुसरा ताव दिला तरच त्यात चिवटपणा येतो. नाहीतर दणका बसला की तुकडे उडतात. लहानूकाकांनी साधी छिन्नीसुद्धा दुसऱ्या तावाशिवाय कधी बाहेर जाऊ दिली नव्हती. काजलने भट्टी बंद केली.

“झालं, भाऊ.”

विक्रमने नळीवर कानस घासली. ती नुसतीच घसरली, ओरखडाही उठला नाही. “याले म्हणतात काम! हा बुढा काहून नाही म्हणून राहिला होता, काय माहीत.” त्याने नळी दस्त्यावर चढवली, काडतूस भरलं. लाव एकदाची गालाला, मेल्या, काजल मनात म्हणाली.

पण गुंडांच्याही रीतीभाती असतात.

“आमच्यात नव्या नळीची पयली गोळी करणाऱ्याच्या घरचाच झाडते,” विक्रम म्हणाला आणि त्याने रायफल चंदनच्या हातात कोंबली. “धर बे. मार त्या भिंतीवर.”

खरं सांगितलं तर टाकीपाशी आणखी दोन मुडदे पडणार होते. चंदनने दस्ता खांद्याला लावला.

“त्याले नको!” तिने रायफल हिसकावली. “काम माह्या हातचं, गोळीबी मीच झाडीन. चंदन, तू बाहेर जा.”

“पण ताई…”

तिने त्याच्या मुस्काटात सणसणीत मारली. “जा म्हटलं न!”

विक्रमला हसू आलं. “जाऊ दे त्या भित्र्याले.”

चंदन गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत काजल थांबली. मग तिने दस्ता खांद्याला लावला. हात कापत होते, ते तिने लपवले नाहीत. बाईचे हात कापणारच, असंच त्याला वाटणार होतं.

“मले नेम नाही धरता येत, भाऊ. जरा दाखवा न.”

“अशी नाही वं, अशी.” विक्रम तिच्या मागे आला. तिच्या हातांवर हात ठेवून, मान वाकवून तो नळीवरून पाहू लागला. त्याच्या तोंडाला तंबाखूच्या खर्र्याचा वास येत होता.

“हं, दाब आता.”

“अजून थोडे जवळ या, भाऊ,” काजल म्हणाली.