सोळावी शर्यत

आज साहेबांना हरवायचंच, असं ठरवून गोपिकाबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या आणि त्या कॉम्प्युटरच्या खोलीत शिरल्या. जेवणाची सुट्टी नुकतीच लागली होती. विभागप्रमुख मनोहरराव पडद्यासमोर खुर्ची ओढून केव्हाच बसले होते.

“या बाई, या. सोळावी शर्यत! आज जिंकलो का, आपण चॅम्पियन,” ते म्हणाले. “डबा मंग खाजा.”

डबा मग खायचा, हे गेले आठ महिने चाललं होतं. साहेबांच्या भाच्याने मुंबईहून एका फ्लॉपीवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ आणून दिला होता. त्यात गाडी स्वतः चालवायची नसते. मालक व्हायचं, ड्रायव्हर नेमायचा आणि प्रत्येक शर्यतीआधी गाडी जुळवून द्यायची. टायर कोणते, गिअर कसे, पेट्रोल किती, मागचा पंख किती वाकवायचा. मालक होणं साहेबांना झकास जमलं. ड्रायव्हरलाही त्यांनी स्वतःचंच नाव देऊन टाकलं. गाडी जुळवणं मात्र काही केल्या जमेना. पहिल्या तीन शर्यतींत त्यांचा नंबर शेवटून पहिला. चौथ्या वेळी ऑपरेटर गोपिकाबाई मागे उभ्या राहून सहज बोलून गेल्या, “साहेब, पंख कमी वाकवा ना जी, समोर सरळ रस्ता हाये.” गाडी तिसरी आली आणि बाई अडकल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हापासून एकेका शर्यतीच्या तयारीत पंधरा-पंधरा दिवस जात. गोपिकाबाई जन्मात एकदाच मोटारीत बसल्या होत्या, स्वतःच्या लग्नात. तरी प्रत्येक ट्रॅकचे आकडे त्यांनी वहीत टिपून ठेवले होते. कुठलंही काम अर्धवट करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, त्याला त्या तरी काय करणार!

कंपनीच्या गोंदियाच्या डेपोत टायपिस्टची जागा रिकामी होती. गोंदियात नवरा होता, सासू होती आणि चार वर्षांची नीला होती. बाई इथे शहरात, जरीपटका भागातल्या एका खोलीत एकट्या राहत आणि शनिवारच्या गाडीने घरी जात. मागच्या शनिवारी नीलाने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि आत ओरडली, “आजी, पाहुणी आली वं!” सासू हसली. बाईही हसल्या. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून खूप रडल्या.

बदलीचा अर्ज आठ महिन्यांपासून साहेबांकडे पडून होता. विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं. “काहून घाई करून राहिल्या? हा सीझन होऊ द्या.” हा सीझन संपला की दुसरा सुरू होणार, हे न समजायला बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. जिंकून देणाऱ्या बाईला कोण सोडतो? हरवणारीला मात्र कोणीही हाकलून देईल. एवढा साधा हिशोब सुचायला आठ महिने लागले, याचाच त्यांना राग येत होता.

बाहेर अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना सदर भागातले रस्ते भाजून काढत होता. आत मशीनसाठी लावलेल्या एसीत बाईंचे अनवाणी पाय गारठले होते. पडद्यावर लख्ख ऊन असल्याची सूचना होती. साहेब नेहमीसारखे खुर्ची मागे घेऊन पेपर वाचत होते. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडीला पावसाळी टायर लावून टाकले.

“झाली गाडी?”

“झाली जी.”

साहेबांनी तपासलंसुद्धा नाही. बाईंवर त्यांचा तेवढा विश्वास होता. बाईंनी बटणावर ठेवलेलं बोट क्षणभर उचललं. मग नीलाचा आवाज आठवला आणि त्यांनी बटण दाबलं.

पाचव्या फेरीला गाडी अकरावी होती. नवव्या फेरीला सतरावी. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. “हे काय होऊन राहिलं, बाई?” आता दोन मिनिटांत हे ओरडतील, मग अर्जावर सही करून तोंडावर फेकतील, असं बाई मनात म्हणत होत्या. इतक्यात पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली. पाऊस सुरू झाला होता.

बाकीच्या गाड्या घसरू लागल्या, टायर बदलायला थांबू लागल्या. साहेबांची गाडी एकेकाला मागे टाकत निघाली. अठराव्या फेरीला पाचवी. बाविसाव्या फेरीला दुसरी. शेवटच्या फेरीला पहिली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

“चॅम्पियन!” साहेब खुर्चीवरून उठून चक्क टाळ्या पिटू लागले. “पाऊस येणार हे तुमाले समजलं कसं, बाई?”

बाई रडायच्या बेतात होत्या. आता हा माणूस आपल्याला या जन्मात सोडत नाही. नीला मोठी होईल, लग्नाची होईल, आणि आपण इथेच पंख वाकवत बसू.

साहेबांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो बाईंचा अर्ज होता. त्यांनी तो मशीनवरच ठेवला, झोकात सही केली आणि बाईंच्या हातात दिला.

“मंजूर. सोमवारी गोंदियाले हजर व्हा.”

बाईंना आधी विश्वासच बसेना. त्यांनी सही दोनदा वाचली. मग डोळे भरून आले. आता सोमवारी नीला दार उघडेल, मंगळवारीही तीच उघडेल, बुधवारीही. आठ महिने या देवमाणसाला आपण मनातल्या मनात किती शिव्या घातल्या!

“लय उपकार झाले जी, साहेब.”

“उपकार कायचे? तुमचा अर्ज का मी फुकट अडवून ठेवला होता? माह्याबी बदलीच्या अर्जाची वाट पाहून राहिलो होतो ना,” साहेब फ्लॉपी जपून पाकिटात घालत म्हणाले. “आज सकाळीच ऑर्डर आली. गोंदिया डेपोचा नवा मॅनेजर मीच, अन् हे मशीनबी संगं नेऊन राहिलो.”