परक्या पत्त्यावरचा तंबू

“म्हणजे त्या दुकानदाराला आपल्याला विकायचंच नाही,” खोक्याकडे बघत म्हाकूआबा फोनवर पोराला म्हणाले, “आणि तू दुसऱ्याच्या पत्त्यावर तंबू मागवलास?”

“चोरी नाही हो, आबा. अमेरिकेतलं दुकान इकडं माल पाठवत नाही. म्हणून तिथली एक कंपनी तो स्वतःच्या पत्त्यावर घेते आणि पुढं आपल्याकडं पाठवते. तुम्ही माळावर घोंगडीत झोपता, मला इथं झोप लागत नाही.”

“उभा जन्म मेंढरांमागं उघड्यावर काढला मी. आता म्हातारपणी हे नारिंगी टोपडं घालतोस?”

तरी पोराचं मन राखायला आबांनी तंबू ठोकला. तो वाऱ्यानं फडफडला, तशी मेंढरं बुजून पांगली आणि कुत्रा त्याच्यावरच भुंकत सुटला. “गोऱ्याचं सोंग,” म्हणत आबा थुंकले.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोराएवढ्या गारा कोसळल्या. माळावर आडोशाला झाडही नव्हतं. आबांनी आदल्या दिवशी जन्मलेली कोकरं काखेत धरधरून तंबूत कोंबली आणि स्वतः डोक्यावर घोंगडी घेऊन दाराशी बसले.

गारा थांबताच पोराचा फोन आला. “आबा, तंबूत होतात ना?”

“मी कशाला जातोय त्यात? कोकरं होती.” आबांनी आत डोकावलं. नऊ जिवंत होती. न मावलेली दोन बाहेर निपचित पडली होती. आबांनी डोक्यावरची घोंगडी काढून त्या दोघांवर पांघरली.

“त्या दुसऱ्याच्या पत्त्यावर अजून एक मागव,” मग ते खेकसले. “आणि सांग त्यांना, हा फार लहान शिवलाय म्हणावं.”