गुलाबीच राहिलेली बाटली

डॉक्टरेट पदरात पडून वर्ष उलटलं, तरी संशोधकाच्या नोकरीसाठी विद्यापीठांकडून नकारच. झपाटल्यासारखी ती दर रविवारी जुन्या लॅबमध्ये जायची. किल्ली कुणी परत मागितलीच नव्हती. उबदार कपाटातल्या बाटलीत तिनं तळहाताच्या फोडासारख्या जपलेल्या पेशी होत्या. त्यांना ताजं गुलाबी द्रावण घालायचं. पेशींनी खाल्लं की ते पिवळं पडायचं. नोकरी लागली की त्यांना सोबत न्यायचं होतं. हल्ली मात्र द्रावण गुलाबीच राहायचं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तिला धीर होत नव्हता. आज दारात तिच्या जागी आलेली विद्यार्थिनी उभी होती. “ताई, पेशी सरांनी मागेच फेकायला लावल्या. बाटली तेवढी मी ठेवली, तुम्ही येता म्हणून.” काहीच ऐकलं नसल्यासारखं तिनं ताजं द्रावण ओतलं, बाटली अलगद उबेत ठेवली. “मी मुलाखतीला गेले, तर यांना खायला घालशील ना?”