शनीचा पाहुणा

"विद्या, दार उघड. मी आहे, अप्पा."

"नाही," आतून आवाज आला. "तू पाहुणा आहेस."

पद्मनाभने दाराच्या फटीला नाक लावलं. गॅसचा वास. दूध तापत ठेवून तो कोपऱ्यावर पेपर आणायला गेला होता. दूध उतू जाऊन शेगडी विझली असणार आणि गॅस सुटलेला तसाच. शेगडीच्या वर, फळीवर देव्हारा. त्याची बायको प्रमोदिनी देवळात जाताना समई लावून गेली होती.

"विद्या, आधी गॅसचं बटण बंद कर, बाळा. मग खिडक्या उघड."

"पाहुणे असंच म्हणतात. काहीतरी जळतंय म्हणतात, खिडक्या उघड म्हणतात."

खिडक्या तिने सगळ्या लावून घेतल्या होत्या. दाराला आतून अडणाही, तो लाकडी आडवा दांडा, तिनेच घातला होता. दार सागवानी, आजोबांच्या वेळचं. त्यावर आपटून पद्मनाभचाच खांदा सुजला. शेजारच्या शकुंतलाबाईंचा नवरा पहार शोधायला गेला होता, पण रविवारी सकाळी बसवनगुडीत पहार कोण हाताशी घेऊन बसतो!

शनीवरून येणारे हे पाहुणे पद्मनाभच्याच डोक्यातून निघालेले. घरच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढून ते दार उघडायला लावत. त्याची कॉमिक्स वाचून अर्ध्या बेंगळूरची पोरं अंथरुणात आईला बिलगून झोपायची, आणि याला त्याचं कोण कौतुक! आता तीच गोष्ट दर रविवारी टीव्हीवर येत होती. आजचा भाग नुकताच संपला होता.

पाहुणा ओळखायची युक्तीही त्यानेच काढली होती. पाहुण्याला आवाज काढता येतो, आठवणी मात्र नसतात. घरातलं काहीतरी विचारायचं. चुकला, की तो पाहुणा.

"मला काहीतरी विचार," तो म्हणाला. "फक्त अप्पांनाच ठाऊक असेल असं."

पावलं दारापाशी आली.

"माझ्या गुडघ्यावर कसली खूण आहे?"

"लालबागेत घसरगुंडीवरून पडलीस, त्याची."

"आजी मला काय म्हणायची?"

"चिमणाबाई!" पद्मनाभला हायसं वाटलं. "बरोबर ना? उघड आता."

पावलं मागे सरकली, मग पळाली. रडण्याचा आवाज थेट आतून, स्वयंपाकघराच्या बाजूने येऊ लागला.

"पाहुणाच आहे! आई गं!"

पद्मनाभला काही उमजेना. शेजारी उभ्या शकुंतलाबाईंनी मात्र कपाळावर हात मारला.

"अय्यो अण्णा, बरोबर कशाला सांगताय? सीरियलीत उलटं आहे की. पाहुण्याला सगळं ठाऊक असतं, तो कधी चुकतच नाही. विसरतो तो खरा माणूस. आजच दाखवलं. तुमचीच गोष्ट, आणि तुम्ही बघत नाही?"

तो बघत नव्हता. दिग्दर्शकाने गोष्टीत ढवळाढवळ केली म्हणून भांडून तो रुसून बसला होता. मालिकेच्याच मानधनातून आलेला रंगीत टीव्ही लागला, की हा कागद उचलून आतल्या खोलीत जायचा. लेक काय बघते, हे विचारायलाही त्याचा स्वाभिमान आड यायचा.

"काहीतरी चूक सांगा," शकुंतलाबाई कुजबुजल्या. "स्वल्पच, थोडंसं."

"विद्या! चुकलो गं! सायकलवरून पडलीस तू!"

"मी ऐकलं सगळं," आतून हुंदका आला. "शकूअक्का पण पाहुणीच आहे. मी समई घेऊन खाली कोपऱ्यात बसते. पाहुणे दिव्याला भितात."

हेसुद्धा त्यानेच लिहिलं होतं. गॅस जमिनीलगत साचतो, हे त्याला माहीत होतं.

"नको! दिव्याला हात लावू नकोस! विद्या!"

"बघ, भ्यालास."

पद्मनाभ उंबऱ्यावर मटकन बसला.

"एकच विचार, बाळा. शेवटचं. मग तुला हवं ते कर."

पावलं हळूहळू पुन्हा दाराशी आली.

"काल मी अप्पांच्या टेबलापाशी जाऊन काय सांगितलं?"

पद्मनाभने डोळे मिटले. काल ती आली होती खरी. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून काहीतरी सांगत होती. तो शनीची कडी रंगवत होता. 'हं, हं, छान,' म्हणाला होता. शाळेतलं होतं? दात पडला होता? कोणी मारलं होतं तिला? त्या एका वाक्यासाठी त्याने आत्ता काहीही दिलं असतं. कडी तेवढी आठवत होती, पिवळ्या रंगासकट.

"नाही आठवत गं," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "मी ऐकलंच नव्हतं."

आत अडणा सरकला.

दाराबरोबर वासाचा लोट अंगावर आला. त्याने तिला उचलून शकुंतलाबाईंच्या कडेवर दिलं, श्वास कोंडून आत धावला, बटण फिरवलं, समईच्या वाती बोटांनीच चिमटल्या, खिडक्या उघडल्या. बाहेर आला तेव्हा बोटांना फोड आले होते.

विद्या शकुंतलाबाईंची समजूत घालत होती.

"भिऊ नका, अक्का. आमचे अप्पाच आहेत. त्यांना काहीच ठाऊक नसतं."