धाप ओसरेपर्यंत

गेल्या वर्षी निपाणीजवळच्या शर्यतीत रवळूच्या पाखऱ्या घोड्यानं ढाल जिंकली. शर्यतीनंतर धाप ओसरेपर्यंत घोडा फिरवायचा आणि मगच पाणी दाखवायचं, हे रवळूला ठाऊक होतं. पण फोटोवाल्याला घाई होती. घोडा उभा राहावा म्हणून रवळूनं त्याच्यापुढं पाण्याची बादली ठेवली आणि ढाल उचलली. फोटो झकास आला. पाखऱ्यानं सकाळ पाहिली नाही.

यंदा नवा घोडा हरला. रवळू त्याला चिंचेखाली फिरवतच राहिला.

"अवं, घाम वाळला की! हरलेल्याचं लई कौतुक," म्हणत बायको मंगलनं बादली आणून ठेवली.

रवळू थांबला. घोडाही शांत उभा राहिला. धाप मात्र ऐकू येतच होती.

"कोण धापा टाकतंय वो?"

"ह्याला धर." दोर तिच्याकडं देऊन, मूठ दोर धरल्यासारखी तशीच ठेवून रवळू एकटाच चालू लागला.

दोन पावलांवर त्याची रिकामी मूठ बादलीकडं ओढली गेली.