मास्तरांचा खेळ

काराकोलचे एमिलबेक मास्तर गेले, तेव्हा परक्यांशी ऑनलाइन खेळलेले त्यांचे नऊ हजार बुद्धिबळाचे डाव मागे राहिले. अशा डावांवरून शिकून, गेलेल्या माणसासारखाच खेळणारा संगणक आता घरोघरी मिळतो. त्यांच्या मुलीने, चोल्पोनने, तो आईसाठी, बुरुलसूनसाठी मागवला.

बुरुलसून चहा घेऊन हौसेने खेळायला बसली. बाराव्या चालीला तिच्यावर मात झाली. दुसरा डावही तसाच गेला.

"हे तुझे बाबा नव्हेतच," ती चिडली. "चाळीस वर्षं लाकडी पटावर रोज खेळलो आम्ही. दहातले आठ डाव मीच जिंकायचे. बिघडलंय तुझं यंत्र!"

चोल्पोनने सगळं पुन्हा तपासलं.

"खेळ बाबांचाच आहे, आई. फक्त समोर तू बसलीयस, हे त्याला ठाऊक नाही."