पैला फेरा

गाडीचे मालक, नवरदेवाचे वडील उत्तमराव यांनी देविदास मिस्त्रीला भर मांडवात टोपी-टॉवेलाचा आहेर केला आणि टाळ्या पडल्या. देविदासच्या डोळ्यांपुढं मात्र चार दिवसांपूर्वी तुटलेला स्टेरिंगचा रॉड होता.

नवा रॉड कुठंच मिळाला नव्हता. लग्न तोंडावर आलेलं. मालकांना काय सांगायचं? देविदासनं तोच रॉड वेल्डिंग मारून जोडला, वरून काळा रंग दिला आणि "गाडी बराबर झाली" म्हणून मोकळा झाला. आता बोला!

गाडी होती मोठी देखणी. साठ वर्षांपूर्वी उत्तमरावांच्या आजोबांनी विलायतेहून मागवलेली, नुसती पळायलाच बनवलेली, दोनच सीटांची. बॉडी मात्र त्यांनी हौसेनं हैदराबादेत हातानं ठोकून घेतली होती. देविदासनं दोन वर्षं खपून तिचा पत्रान् पत्रा सरळ केला होता. आज तिच्यातून नवरदेव स्वप्निल नवरीला घेऊन गोरेगावहून पुसेगावला देवदर्शनाला निघायचा होता.

नवरी, प्रियंका, आत पाय टाकणार तेवढ्यात नवरदेवाच्या आई चतुराबाई म्हणाल्या, "थांब गं माय. सीटा या शिलानं शिवल्या. पैला फेरा तिचा. स्वप्निल, जाय, हिला वेशीपस्तोर फिरवून आण."

शिला म्हणजे देविदासची बायको. लाजत, पदर सावरत ती बसलीसुद्धा.

देविदासच्या तोंडचं पाणी पळालं. "नका काकू," तो म्हणाला, "तिला गाडी लागते."

"मला?" शिला हसली. "अवो, रोज जीपमंदी लटकून सेनगावला जाते मी. मला कवा लागली गाडी?"

मांडव खो खो हसला. "मिस्तरी, तुमची बायको पळवून न्हाई नेत आमी!" कुणीतरी ओरडलं. स्वप्निलनं गाडी चालू केली.

देविदास धावला. त्यानं शिलाचं मनगट धरलं आणि तिला ओढून खाली उतरवलं. तिच्या दोन बांगड्या फुटल्या.

"उतर म्हणतो न मी!"

"काहून रे देविदास?" उत्तमराव पुढं आले. "काय करून राहिला तू?"

देविदासनं बायकोचा हात सोडला नाही. त्याची नजर सारखी गाडीच्या पुढच्या चाकांकडं जात होती. एवढी शरम त्याला जन्मात वाटली नव्हती, आणि भीती तर त्याहून मोठी होती. लोक अजून हसतच होते.

नवरी एवढा वेळ गाडीच्या दाराशी उभी होती. तिनं मुंडावळ्या हातानं बाजूला सारल्या आणि सरळ त्याच्याकडं पाहिलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मग मी बसू का?"